केंब्रिजला एका दिवसात: आजी-आजोबा, मुलं आणि आगगाडी

“विद्यापीठ कुठंय?” अण्णांनी भर रस्त्यात थांबून विचारलं. तेव्हा आम्ही दोन तास विद्यापीठातूनच चालत होतो.

अण्णा म्हणजे माझे सासरे. साताऱ्याकडे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. विद्यापीठ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर पुण्याची गणेशखिंड येते: मोठं फाटक, आत झाडी, मधोमध मुख्य इमारत. केंब्रिजला तसलं फाटकच नाही. ऑक्सफर्डमध्ये गावकऱ्यांशी तंटा झाला म्हणून तिथून निघालेली काही विद्वान मंडळी १२०९ साली इथे येऊन राहिली आणि पुढची आठशे वर्षं विद्यापीठ गावाच्या गल्ल्यांमधूनच वाढत गेलं. आज ३१ कॉलेजं आहेत. प्रत्येकाचं दार वेगळं, वेळ वेगळी, तिकीट वेगळं. हे आधी ठाऊक नसेल तर माणूस दिवसभर मुख्य इमारत शोधत फिरतो आणि पाय दुखवून घरी येतो.

लंडनमध्ये नव्याने आलेल्या, पहिल्यांदाच आई-बाबांना सहा महिन्यांसाठी बोलावलेल्या मंडळींसाठी हे लिहिते आहे. चार फेऱ्यांनंतर माझं मत पक्कं झालंय: आत जाऊन दोनच जागा बघा, बाकीचं बाहेरून. यादी संपवायला निघालात तर आजी दुपारी दोनला बाकावर बसेल ती उठायची नाही.

आधी तारीख

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत परीक्षांचा हंगाम असतो. त्या काळात बरीच कॉलेजं पाहुण्यांना दार बंद करतात. हवा नेमकी तेव्हाच छान असते, म्हणून फसगत होते. जुलै-ऑगस्टमध्ये दारं उघडी, पण गर्दी तुळशीबागेसारखी. मला विचाराल तर ऑक्टोबर. सत्र सुरू झालेलं असतं, झाडं लाल-पिवळी होतात आणि किंग्ज कॉलेजचा गायकवृंद संध्याकाळी गाऊ लागलेला असतो.

वारही बघा. फिट्झविल्यम आणि प्राणिशास्त्राचं, ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद. डायनोसॉरवालं सेजविक रविवारी बंद. म्हणून शनिवार सोयीचा. मात्र शनिवार-रविवारी रुळांची कामं काढायची इथल्या रेल्वेला भारी हौस. आदल्या रात्री नॅशनल रेलच्या अॅपवर एकदा नजर टाका, नाहीतर अर्ध्या वाटेत उतरवून बसमध्ये बसवतात.

तिकीट: इथे पैसे वाचतात

पहिली गोष्ट, ऑयस्टर कार्ड केंब्रिजपर्यंत चालत नाही. ट्यूबच्या सवयीने कार्ड टेकवून आत शिरू नका, आधी तिकीट काढा.

घरात ५ ते १५ वयाचं एक जरी मूल असेल तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड घ्या. वर्षाला ३५ पाउंड. एका कार्डावर चार मोठे आणि चार मुलं जाऊ शकतात. मोठ्यांना एक तृतीयांश सूट, मुलांना ६० टक्के. कार्डावर ज्याचं नाव आहे तो आणि किमान एक मूल प्रवासात हवं, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळच्या गर्दीच्या वेळी ते चालत नाही. आजी-आजोबा त्या चारांत बसतात, त्यांचं कसलंही ओळखपत्र लागत नाही. मावशी आली, शेजारीण आली, तरी चालतं. आम्ही पहिल्या खेपेला हे न करता सहा जणांची सुटी तिकिटं काढली. तो हिशेब अण्णांनी नंतर कागदावर मांडून दाखवला आणि तो कागद बरेच दिवस फ्रिजवर होता.

पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. मुलंच नसतील आणि तीन ते नऊ मोठी माणसं एकत्र असतील, तर ग्रुपसेव्ह नावाची सवलत गर्दीच्या वेळा सोडून मिळते. तीही एक तृतीयांशच, कार्डाचा खर्च नाही.

त्याच दिवशी परतायचं असल्याने ‘ऑफ-पीक डे रिटर्न’ मागा. सकाळची ऑफिसची वेळ टळली की ते चालू होतं. शनिवार-रविवारी दिवसभर स्वस्त. गाडीला आरक्षण नसतं, त्यामुळे महिनाभर आधी धावपळ करायची गरज नाही.

कोणत्या स्टेशनावरून

किंग्ज क्रॉसवरून थेट गाडी पन्नास मिनिटांच्या आसपास पोचवते. तिथून किंवा शेजारच्या सेंट पँक्रासहून सुटणारी धीमी गाडी वाटेत गावोगाव थांबते आणि बराच जास्त वेळ घेते. फलकावर ‘केंब्रिज’ दिसलं म्हणून पळत सुटू नका, पोचायची वेळ वाचा. ईली किंवा किंग्ज लिनकडे जाणाऱ्या गाड्या बहुधा जलद असतात आणि त्यांच्या पाटीवर केंब्रिज हे शेवटचं नाव नसतं, म्हणून नवखे लोक त्या सोडून देतात.

हॅरो-वेम्बलीकडच्यांना मेट्रोपॉलिटन लाइनने सरळ किंग्ज क्रॉसला येता येतं. पूर्व आणि ईशान्य लंडनवाल्यांनी लिव्हरपूल स्ट्रीटची गाडी टॉटनहॅम हेलला पकडावी, शहरात उलटं जायला नको. ईस्ट क्रॉयडनहून थेम्सलिंकची थेट गाडी आहे. ती लंडन पार करून जाते त्यामुळे वेळ घेते, पण म्हाताऱ्या माणसांना जिने चढ-उतार नकोत म्हणून मी क्रॉयडनच्या मैत्रिणीला तीच सांगते.

किंग्ज क्रॉसला वीस मिनिटं आधी पोचा. कारण आहे. तिथे भिंतीत अर्धी घुसलेली सामानाची ढकलगाडी ठेवली आहे आणि जादूगार मुलाच्या गोष्टी वाचलेलं कुठलंही पोर तिथे फोटो काढल्याशिवाय हलत नाही. फोटोची रांग लांब असते. पाटीवर लिहिलंय ‘नऊ पूर्णांक तीन चतुर्थांश’. अण्णा म्हणाले, “सरळ पावणेदहा म्हणा की!” आमच्या घरी आता तो पावणेदहा नंबरचा फलाट आहे.

सोबत काय घ्यायचं

डबा घ्या. लाजू नका. गाडीत बसून डबा खाणारे आपण एकटेच नसतो, शेजारचा गोरा माणूसही सँडविच सोडत असतो. फक्त बटाट्याच्या रस्साभाजीऐवजी तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी असं कोरडं बरं. दुपारी नदीकाठच्या हिरवळीवर बसून खाता येतं. बाहेर खायचं असेल तर मार्केट स्क्वेअरमध्ये खाण्याच्या टपऱ्या असतात, शाकाहारीही भरपूर मिळतं.

प्रत्येकाला टोपी असलेलं पावसाळी जाकीट. छत्री नको, त्या सपाट मुलखात वारा ती उलटी करतो. पायात बूट, चपला नकोत, कारण कॉलेजांभोवतीच्या गल्ल्या गोट्यांच्या आहेत. लहान चाकांची बाबागाडी तिथे खडखडते आणि झोपलेलं बाळ उठतं.

स्टेशनवर उतरल्यावर

स्टेशन गावाच्या मध्यात नाही. १८४५ साली ते बांधलं तेव्हापासून ते गावाबाहेरच राहिलंय. चालत पंचवीस-तीस मिनिटं लागतात. आजींचे गुडघे कुरकुरत असतील तर समोरूनच गावात जाणारी बस घ्या, काही बिघडत नाही.

चालणाऱ्यांनी सरळ रस्त्याने जाऊ नये, असं माझं म्हणणं. स्टेशन रोड संपतो तिथून जवळच विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाचं एक दार आहे. मोठ्यांना तिकीट, मुलांना नाही. चाळीस एकरांची ही बाग १८४६ साली लोकांना खुली झाली. एका दाराने शिरून पलीकडच्या दाराने ट्रम्पिंग्टन रोडला निघायचं. मध्ये काचघर आहे, त्यात शिरताच थंडीतून एकदम कोकणात आल्यासारखं ऊबदार, ओलसर वाटतं. आईंनी तिथे केळीचं झाड बघितलं आणि जुनी ओळख निघाल्यासारख्या त्या त्याच्यापाशी थांबल्या.

पुढे ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवर रस्त्याच्या दोन्ही कडांना उघडे पाट दिसतील. चारशे वर्षांपूर्वी गावात स्वच्छ पाणी आणण्यासाठी खोदलेले. त्याला हॉब्सनचं नाव आहे. हा हॉब्सन घोडे भाड्याने द्यायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, दाराजवळचा घोडा घ्यायचा असेल तर घ्या, नाहीतर चालू लागा. मुलांना सांगायला गोष्ट छान आहे, पण सांगताना त्यांचा हात धरा, पाटात पाय जातो.

डाव्या हाताला फिट्झविल्यम संग्रहालय. फुकट. आत चित्रं, इजिप्तच्या शवपेट्या, चिलखतं. पाऊस असेल तर तास काढा, नसेल तर स्वच्छतागृह वापरून पुढे निघा. हे गमतीने लिहीत नाही. गावात सार्वजनिक स्वच्छतागृहं मोजकी आहेत, संग्रहालय दिसलं की घरातल्या सगळ्यांना विचारून घ्यावं. त्याला लागूनच पीटरहाउस, १२८४ सालचं, सगळ्यांत जुनं कॉलेज.

घड्याळ, मग किंग्ज

थोडं पुढे कोपऱ्यावर माणसांचा घोळका दिसेल. तिथे कॉर्पस ख्रिस्टी कॉलेजच्या भिंतीत सोनेरी तबकडीचं घड्याळ आहे. काटे नाहीत, आकडे नाहीत, फटींतून निळा उजेड पळतो आणि वर बसलेला एक राक्षसी नाकतोडा क्षण खात असतो. २००८ साली स्टीफन हॉकिंग यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. ते मुद्दाम चुकतं, अडखळतं, आणि दर पाच मिनिटांनी एकदाच बरोबर वेळ दाखवतं. आमची धाकटी तिथे पंधरा मिनिटं उभी होती. एवढा वेळ ती कुठल्याही चर्चमध्ये उभी राहिलेली नाही.

आता आत जायची पहिली जागा: किंग्ज कॉलेजचं चॅपल, म्हणजे प्रार्थनामंदिर. तिकीट ऑनलाइन काढा, दारात महाग पडू शकतं. १४४६ साली सहाव्या हेन्रीने काम सुरू केलं, ते संपेपर्यंत १५१५ उजाडलं. मध्ये राजे मेले, यादवी झाली, पैसे संपले. आत गेल्यावर कुणाला काही समजावून सांगायच्या फंदात पडू नका, वर बघायला सांगा. दगडाचं छत पंख्यासारखं उलगडत जातं, जगातलं त्या प्रकारचं सर्वांत मोठं. आई हळूच म्हणाल्या, “दगडाची जाळी विणलीय.”

बाहेरच्या हिरवळीवर पाय ठेवू नका. पाट्या आहेत, आणि त्या सगळ्यांना लागू आहेत. चालायचा मान कॉलेजच्या फेलोंना, म्हणजे कॉलेजने निवडून घेतलेल्या विद्वानांना. तिथे मुलांना एक गोष्ट सांगा. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर १९५७ साली इथे शिकायला आले, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी विश्वरचनेवर काम केलं आणि १९६३ ते १९७२ ते याच किंग्ज कॉलेजचे फेलो होते. म्हणजे ज्या गवताकडे आपण कुंपणाबाहेरच्या गाईसारखे बघतो, त्यावरून आपला एक माणूस हक्काने चालू शकत होता.

चॅपल फुकटात ऐकायचंही असतं. सत्र चालू असताना संध्याकाळच्या प्रार्थनेला कुणीही जाऊ शकतं, पैसे पडत नाहीत, धर्म विचारत नाहीत. वेळ कॉलेजच्या संकेतस्थळावर बघा, रांगेत लवकर उभे राहा. तासभर गप्प बसणं जमणार नाही अशा लेकराला एका मोठ्या माणसाबरोबर बाहेर ठेवा.

अण्णांची जागा

किंग्जच्या शेजारीच सेनेट हाउस. १७३० ची पांढरी, खांबांची इमारत, पर्यटक तिच्यापुढे फार थांबत नाहीत. कठड्याबाहेरून बघायला तिकीट नाही. मराठी माणसाने मात्र इथे पाच मिनिटं थांबावं.

केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणतात, आणि १९०९ पर्यंत निकाल क्रमांकानुसार जाहीर व्हायचा. तो वाचला जायचा या इमारतीत. १८९९ साली पहिला क्रमांक दोघांत विभागून आला. त्यातला एक बर्टविसल आणि दुसरा रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डीचा रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, सेंट जॉन्स कॉलेजचा विद्यार्थी. सीनियर रँग्लर झालेला पहिला भारतीय. पुढे ते पुण्याला परतून फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि ‘रँग्लर’ हा शब्द मराठीत आडनावापुढे मानाने लागू लागला. नारळीकरांच्या घरात तर वडील आणि मुलगा दोघेही रँग्लर.

अण्णा कठडा धरून उभे होते. “विद्यापीठ कुठंय?” हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

मुलं कंटाळली तर त्यांना छताकडे बोट दाखवा. १९५८ साली काही विद्यार्थ्यांनी रातोरात एक अख्खी ऑस्टिन मोटार त्या छतावर चढवली होती. ती शेवटी तुकडे करून उतरवावी लागली. या माहितीने आमच्या थोरल्याला विद्यापीठाबद्दल आदर वाटू लागला.

सफरचंद आणि पोर्टर

पुढे ट्रिनिटी. दारावर आठव्या हेन्रीचा पुतळा आहे. त्याच्या हातात राजदंडाऐवजी खुर्चीचा पाय आहे, कुणीतरी कधीतरी बदलला तो तसाच राहिला. दाराच्या उजवीकडे छोट्या हिरवळीवर सफरचंदाचं झाड. न्यूटनच्या वूल्सथॉर्पच्या घराजवळच्या झाडाचा हा वंशज, १९५४ साली लावलेला. सफरचंद ‘इथे’ पडलं नव्हतं. प्लेगमुळे १६६५ साली विद्यापीठ बंद झालं आणि न्यूटन घरी गेला, तिकडची ती गोष्ट. लॉकडाउनमध्ये घरून शाळा केलेल्या मुलांना हे लगेच कळतं.

नेहरू या कॉलेजचे. रणजीही याच कॉलेजचे. आणि १९१८ साली रामानुजन इथे फेलो झाले. त्यांची ‘हरवलेली वही’ इथल्याच रेन ग्रंथालयात आहे. ग्रंथालय पाहुण्यांना थोडाच वेळ उघडं असतं आणि नियम बदलतात, म्हणून दारातल्या पोर्टरला विचारा. पोर्टर म्हणजे हमाल नव्हे! कॉलेजच्या दाराशी असतो तो पोर्टर, म्हणजे आपल्या वाड्याचा देवडीवाला. काळ्या कोटातल्या त्या गृहस्थांकडे आईंनी पिशवी पुढे केली होती. त्यांनी हसून दार उघडून धरलं.

आत जायची दुसरी जागा सेंट जॉन्स ठेवा. एकामागून एक चौक लागतात, थेट नदीपर्यंत. १८३१ चा झाकलेला पूल तिथे आहे, आणि परांजप्यांचं कॉलेज हेच.

होडी

पंट म्हणजे सपाट बुडाची लांबट होडी, लांब काठीने तळ ढकलत चालवायची. कॉलेजांच्या मागच्या बागा तिच्यातूनच नीट दिसतात. नाविकासह फेरी पाऊण तासाची. रस्त्यावर तिकिटं विकणारे तरुण सांगतील तो आकडा शेवटचा नसतो, आणि ऑनलाइन बहुधा त्याहून कमी असतो. आजी-आजोबा असतील तर हीच फेरी घ्या.

स्वतः चालवायची खुमखुमी असेल तर एकच नियम: काठी चिखलात रुतली तर काठी सोडा, होडी सोडू नका. आमच्या घरातल्या एका पुरुषाने उलट केलं. नाव घेत नाही, पण मुलं त्याला बाबा म्हणतात. सुक्या मोज्यांची जोडी बरोबर घ्या.

नाविक गोष्टी रंगवून सांगतात, सगळ्या खऱ्या मानू नका. क्वीन्स कॉलेजचा लाकडी ‘गणिती पूल’ न्यूटनने एकही खिळा न वापरता बांधला, असं आमच्या नाविकाने सांगितलं. पूल १७४९ चा, न्यूटन वारला १७२७ साली. अण्णांनी होडीतच वजाबाकी करून दाखवली. तोच पूल सिल्व्हर स्ट्रीटच्या पुलावरून फुकट दिसतो.

परतताना

पोरांत अजून दम असेल तर प्राणिशास्त्र संग्रहालयात जा, देवमाशाचा अख्खा सांगाडा दारातच टांगलाय. मग पार्कर्स पीसच्या मैदानावरून स्टेशनकडे वळा. १८४८ मध्ये विद्यार्थ्यांनी बसवलेले फुटबॉलचे नियम या मैदानाशी जोडलेले आहेत, आणि क्रिकेट तर रणजीही इथे खेळले. उरलेल्या पुऱ्या इथे संपवाव्यात. सायकलींकडे मात्र लक्ष ठेवा. त्या पुण्याच्या जुन्या दिवसांइतक्याच आहेत, फक्त घंटी वाजवत नाहीत.

संध्याकाळच्या थेट गाड्या भरलेल्या असतात. केंब्रिजचा फलाट फार लांब आहे. जिन्यापाशी घोळका करून उभं न राहता टोकाकडे चालत गेलात तर सगळ्यांना बसायला मिळतं. गाडी पंधरा मिनिटांहून जास्त उशिरा पोचली तर नुकसानभरपाई मागता येते, त्यासाठी तिकिटाचा फोटो काढून ठेवा.

कागदी तिकीट किंग्ज क्रॉसच्या यंत्राने गिळू नये असं वाटत असेल, तर बाजूच्या रुंद दाराशी उभ्या असलेल्या माणसाला आठवण म्हणून हवंय असं सांगा. अण्णांना त्याने ते तसंच परत दिलं.